आईचं गंगाळ

परवा एका भाचीने मोबाइलवर लांबलचक मजकूर पाठवला. पेन्सिल आपल्याला नात्यांबद्दल काय शिकवते? टोक काढताना दुखतं पण त्याशिवाय अक्षर उमटत नाही, मागे खोडरबर असतं ते क्षमेचं, आतलं शिसं महत्त्वाचं, बाहेरचा रंग नव्हे... आणि खाली शास्त्रातलं एक वचन. भाची गुणाची आहे, तिचं मन मोडवेना. "छान आहे गं," असं कळवलं आणि फोन बाजूला ठेवला. पण तो मजकूर काही डोक्यातून जाईना. कारण हा उद्योग मी स्वतः जवळजवळ तीस वर्षं केलेला आहे. आणि तो करताना एकदा अशी तोंडघशी पडले आहे की ते अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. नातेवाईक मंडळींपैकी दोघी-तिघींना अर्धवट ठाऊक आहे. आज सगळंच लिहून टाकते.

मी शिक्षिका, त्यात ख्रिस्ती घरातली. त्यामुळे वस्तू दाखवून धडा सांगायची सवय दुहेरी. वर्गात मोसंबं नेऊन पृथ्वी दाखवायची, आणि सुट्टीत नाशिकला माहेरी गेले की शब्बाथ शाळेत दिवा, मीठ, खमीर दाखवून येशूचे दाखले सांगायचे. यात चूक काहीच नाही. प्रभूची शिकवणच मुळी घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंनी भरलेली आहे. मीठ, पीठ, दिवा, धान्याचं माप, झाडलोट, जुन्या कपड्याला लावायचं ठिगळ, बैलाच्या मानेवरचं जू. मोठमोठ्या शब्दांची गरजच त्याला पडली नाही. आमच्या कसमादे भागात तर यातलं बरंचसं समजावूनही सांगावं लागत नाही.

खमीर तेवढं अडायचं. भाकरीच्या मुलखात खमीर कुणी पाहिलंय? मग मी विरजण सांगायची, आणि विरजणामागे माझी स्वतःची एक गोष्ट होती. १९७४ साली मी देवळ्याला नोकरीवर रुजू झाले. तेव्हा देवळा कळवण तालुक्यातच होतं. नवीन बाई ख्रिस्ती आहेत हे गावात दोन दिवसांत पसरलं. लोक वाईट वागले असं अजिबात नाही, उलट "बाई, बाई" करून मान द्यायचे. पण आमच्या घरचं पाणी कुणी घेत नसे. एकदा ऐन दिवेलागणीला माझ्या लक्षात आलं की दूध तापवलंय आणि विरजण नाही. शेजारच्या काकूंच्या दारात वाटी घेऊन गेले. त्या उंबऱ्यात थबकल्या. तिन्हीसांजेला दही घराबाहेर देत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण वाटी पुढे केल्यावर आठवलं. मी परत फिरणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा बाई." आत गेल्या, आणि पदराआड वाटी धरून माझ्या घरापर्यंत स्वतः आल्या. दुधात विरजण त्यांनीच लावलं. मग ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता पाणी द्या घोटभर." पुढची वीस-बावीस वर्षं आमच्या दोन घरांत वाट्या फिरत राहिल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना मऊ भात मी भरवलाय.

ही गोष्ट मी शब्बाथ शाळेत सांगत असे आणि ती मुलांना आवडतही असे. आता वाटतं, सांगताना मी एक गोष्ट गाळत होते. धाडस काकूंनी केलं होतं. माझ्या सांगण्यात मात्र विरजण नेहमी मीच असायची आणि दूध म्हणजे गाव! असो.

जुवाबद्दलही असंच एक सांगते. 'विषम जू' हा शब्द आमच्या लोकांनी लग्नाच्या बाबतीत इतका वापरलाय की पौलाच्या पत्रातलं ते वाक्य म्हणजे परधर्मी मुलाशी लग्न करू नये याची सरकारी अधिसूचनाच वाटावी. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला जुवाची वेगळीच गोष्ट सांगितली. एक बैल पोक्त आणि तगडा, दुसरा कोवळा किंवा नुकताच आजारातून उठलेला, असं बऱ्याचदा होतं. म्हणून काय शेत पडीक ठेवायचं? मग जुवाला नाडा बांधतात ती जागा मधोमध न ठेवता तगड्या बैलाकडे थोडी सरकवायची. भार त्याच्या मानेवर जास्त येतो, दुसरा हलका चालतो, आणि तास सरळ जातं. जू तेच, बैल तेच. मी चकित होऊन ऐकत होते. माझं जू माझ्यावर घ्या असं प्रभू म्हणतो, तो स्वतः सुताराच्या घरातला. नाडा कुठे बांधायचा हे त्याला माहीत नसेल का? ही गोष्ट मला १९८५-८६च्या सुमारास कळली. आवडली म्हणून वहीत टिपून ठेवली. वीस वर्षांनी तिचा उपयोग करायची वेळ आली तेव्हा वही उघडलीच नाही.

आता गंगाळाकडे येते.

आमचं माहेर नाशिकचं, शरणपूरचं. आजच्या मंडळींना शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि बँका. पण १८५४ साली मिशनने गावाबाहेर वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती होती. आईचं गंगाळ नाशिकच्या तांबटांकडचं, ठोक्याचं, जाड तांब्याचं, दोन बाजूंना दोन कड्या. आम्हा दोघी बहिणींची अंघोळ त्यातल्या पाण्याने झाली. दर शनिवारी ते चिंच-मीठ लावून घासायचं काम आमच्याकडे असे, आलटून पालटून. कुणाचा शनिवार यावरून भांडणं व्हायची ती वेगळीच.

आई शेवटचे आठ महिने माझ्याकडे देवळ्याला होती. २००३ साली ती गेली. धाकटी नाशिकला, तिची मुलं शिकणारी, मेहुणे कारखान्यात पाळीवर, सासूबाई अंथरुणाला. त्या आठ महिन्यांत ती तीनदा आली. मी मोजलं होतं. आई गेल्यावर भांडी वाटताना ती एवढंच म्हणाली, "अक्का, मला बाकी काही नको. गंगाळ दे." आणि मी म्हणाले (हे शब्द मला आजही पाठ आहेत), "आठ महिने त्या गंगाळातून आईला मी अंघोळ घातलीय. तुझे तीन दिवस धरले तरी कडीसुद्धा वाट्याला येणार नाही."

ती काही बोलली नाही. पिशवी उचलली आणि स्टँडवर गेली. त्यानंतर आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं आणि मयतीपुरतं उरलं. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायची, "अहो, भांड्याला भांडं लागायचंच." सोयीची म्हण आहे ती. तिच्यात भांडी आपली आपणच एकमेकांवर आदळतात. ज्याच्या हातात भांडं आहे त्याचं नावच घ्यावं लागत नाही.

आणि आता ज्याची मला लाज वाटते ते. २००९ साली, उत्तम शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यात, नाशिकला स्त्रियांच्या सभेत बोलायला मला बोलावलं. विषय, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग. मी म्हटलं, नुसतं बोलण्यापेक्षा वस्तू दाखवावी. आणि मी आईचं गंगाळ पितांबरीने लखलखीत घासलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एस.टी.त घालून भावडबारीच्या घाटाने, सोग्रस फाट्यावरून नाशिकला घेऊन गेले. कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीटही फाडलं. सभेत टेबलावर पांढरा कपडा, त्यावर गंगाळ, शेजारी टॉवेल. मी पाऊण तास बोलले. चांगली बोलले. त्या काळचे धुळीचे रस्ते, उघड्या चपला, पाय धुणं हे नोकराचं काम, गुरूने कमरेला रुमाल बांधणं, पेत्राचं आधी नको म्हणणं. नात्यांत कुणीतरी आधी वाकावं लागतं असंही बोलले. बायकांनी डोळे पुसले.

तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती. ती त्या सभेला येते हे मला माहीत होतं का? खरं सांगायचं तर माहीत होतं. सभा संपल्यावर बायका गंगाळाला हात लावून बघत होत्या. ती आली, कडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान घासलंयस, अक्का."

एवढंच. परतीच्या एस.टी.त ते गंगाळ माझ्या मांडीवर होतं, आणि माझ्या आयुष्यात इतकं जड काही मी उचललेलं नाही.

त्या दिवसापासून वस्तू दाखवून धडा सांगणं मी जवळजवळ बंद केलं. लोकांना वाटलं वय झालं. पण माझं मत बदललं होतं, आणि ते आजच्या पेन्सिलवाल्या मजकुरालाही लागू आहे. वस्तूतून धडा काढणं फार सोपं असतं, आणि काढलेला धडा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मापाचा निघतो. खोडरबर म्हणजे क्षमा हे वाचताना आपल्याला कोण आठवतं? ज्याने आपली क्षमा मागायला हवी तो! सासूला सुनेसाठी धडा सापडतो, सुनेला नणंदेसाठी. मला बहिणीसाठी सापडला होता.

प्रभूचे दाखले नंतर पुन्हा वाचायला घेतले तेव्हा एक लक्षात आलं. त्यात वस्तू नुसती दाखवायला ठेवलेली जवळजवळ नसतेच, कुणीतरी ती वापरत असतं. लूकच्या पंधराव्या अध्यायातली बाई बघा. दहा नाण्यांपैकी एक हरवलं, म्हणजे सुमारे एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, नाणं सापडेपर्यंत शोधते. स्वतःचंच घर झाडते हो. जमिनीचं, अंधारं, बारीक खिडकीचं घर. आमच्या जुन्या सारवलेल्या घरात सुई हरवली की काय होई हे मला माहीत आहे. सुई सापडायच्या आधी काय काय सापडतं! कधीची गहाळ झालेली बांगडीची काच, उंदराने नेलेला भुईमूग, फाटलेलं पत्र. शोधणाऱ्या बाईला आपल्या घरातली घाण आधी दिसते. सभेत हे कधी सांगितलं नाही मी. मला ते तेव्हा सुचलंच नव्हतं.

आणि माप. दिवा लावून कुणी मापाखाली झाकून ठेवत नाही, हे तर आम्ही पोरांकडून घोकून घ्यायचो. आमच्याकडे पायली, अधोली, शेर. मुलांना गंमत म्हणून मी पणतीवर शेराचं माप पालथं घालून दाखवायची. थोड्या वेळाने उचललं की दिवा विझलेला. "हवा मिळाली नाही म्हणून," असं विज्ञानही सांगून टाकायची. पण झाकायला मापच का घेतलं, टोपली का नाही, हे कधी मनात आलं नाही. मूळ गोष्टीत कदाचित त्यात काही विशेष नसेल, घरात हाताशी असेल ते भांडं. पण माझ्यापुरतं मला कळलं. आठ महिने विरुद्ध तीन दिवस. ज्या मापाने मी मोजत होते त्याच मापाखाली काहीतरी विझलं होतं. आईची सेवा मी खरंच मनापासून केली होती. मोजली त्या दिवशी ती सेवा उरली नाही, उधारी झाली. आणि जुवाची गोष्ट वहीत पडून होती. माझी पक्की नोकरी, नवरा शांत, घर मोठं. तिच्या मानेवर आजारी सासू आणि पाळीवर जाणारा नवरा. नाडा माझ्याकडे सरकवलेला होता, यात अन्याय कसला?

अशा वेळी मला नेहमी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही बाई. त्यांचं 'स्मृतिचित्रे' मी किती वेळा वाचलं असेन कोण जाणे. लहानपणी वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्याचा. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली ती काही वर्षं टिकली. ती परत नवऱ्याजवळ राहायला आली तेव्हाही आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवून. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, भांडणंही पोटभर होती, आणि दोघांच्या मध्ये पाण्याचं भांडं होतं. टिळक एवढे मोठे कवी, त्यांना त्या भांड्यावर प्रवचन देता आलं नसतं का? पण ते भांडं प्रवचनाने हललं नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी ठरवलं आणि मग दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण मला विचाराल तर अवघड काम आधीच झालं होतं, त्या पाण्याच्या घोटाला. आमच्या शेजारच्या काकूंनीही तेच केलं होतं की. त्यांनी ना टिळक वाचले होते ना मत्तय.

आता शेवटचं. २०१३च्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरले. उजव्या हाताचं मनगट मोडलं, पायही मुरगळला. मुलगा लांब, सूनबाई नोकरीवाली, ती तरी किती दिवस रजा काढणार? तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि धाकटी उतरली. हातात एक पिशवी. कुणी कळवलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला.

न्हाणीघरात गंगाळ होतंच. तिने ते पाण्याने भरलं. मी म्हणाले, "राहू दे, मी डाव्या हाताने घेईन कसंतरी." ती म्हणाली, "बस पाटावर." मी पुन्हा नको म्हणाले. पाय धुऊ देणं किती कठीण असतं हे मला तेव्हा समजलं. पेत्राचा नकार मी सभेत नम्रपणा म्हणून सांगितला होता. तो नम्रपणा नसावा. ज्याचं आपण देणं लागतो त्याच्यापुढे पाय पुढे करायचे म्हणजे हिशेब आपल्या हातून जातो. आणि त्या रात्री पाय धुतलेल्या बारा जणांत यहूदाही होता, तोवर तो उठून गेला नव्हता, हे मी सभेत सांगितलंच नव्हतं. सोयीचं नव्हतं.

ती खाली बसून माझ्या टाचा घासत होती. तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झाले होते. मी म्हणाले, "मी तेव्हा कडीबद्दल बोलले ते..." तिने मान वर केली नाही. "पाणी गार होतंय," म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "मी सतरा दिवस रोज ठरवत होते यायचं. आई गेली त्या महिन्यात. सासूबाईंना सोडून निघताच आलं नाही." सतरा दिवस. म्हणजे मोजत तीही होती. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि साबण डोळ्यांत गेल्याचं निमित्त करता येईना, कारण साबण पायाला लावलेला होता.

ती तीन आठवडे राहिली. जाताना मी गंगाळ लुगड्यात गुंडाळून तिच्या पिशवीजवळ ठेवलं. तिने ते परत न्हाणीघरात नेऊन ठेवलं. "फ्लॅटमध्ये गिझर आहे गं, हे ठेवू कुठे? आणि आता ते घासायचं कुणी?" मी म्हटलं, एकेक शनिवार वाटून घेऊ. त्यावर ती जी हसली ते मला आमच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकू आलं.

गंगाळ अजून देवळ्यालाच आहे. मे महिन्यात ती आठ-दहा दिवस राहायला येते. उन्हाळ कांदा चाळीत भरायची गावाची गडबड संपत आलेली असते, आम्हा दोघींना काही काम नसतं. आल्यावर पहिल्या शनिवारी ती चिंच भिजत घालते, आणि मागच्या वर्षी कुणी घासलं होतं यावरून आमचं अजूनही एकमत होत नाही.